वाटपाच्या बैठकीत कोण बसतो?

डिसेंबर लागला की ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच छापाचे फोटो फिरू लागतात. आवारात टेबल, टेबलावर चादरींची चळत, मागे कापडी फलक, फलकावर पाळकसाहेबांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, आणि पंचांचे नाव. एका चादरीला सात-आठ हात लागलेले असतात आणि घेणारी एकच म्हातारी. देणारे सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, म्हातारी चादरीकडे. या कार्यक्रमाची टिंगल करण्यात मला रस नाही. थंडी खरी असते, चादरीची ऊबही खरी असते आणि ती शिवायला-वाटायला चार माणसांनी आपला रविवार घातलेला असतो. मला विचारायचे आहे ते एवढेच, की यंदा चादरीच द्यायच्या हे ज्या बैठकीत ठरले त्या बैठकीत ही म्हातारी होती का? तिच्या घरी मागच्या नाताळांच्या तीन चादरी घडी करून ठेवलेल्या असतील. तिला कदाचित चष्मा हवा असेल, किंवा तहसील कचेरीत तिच्याबरोबर येईल असे कुणीतरी.

ख्रिस्ती मंडळीच्या सेवेबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. मंडळीच्या आत स्तुती, मंडळीच्या बाहेर संशय. आत म्हणतात, बघा आम्ही शाळा काढल्या, दवाखाने काढले, कुष्ठरोग्यांना जवळ केले. बाहेर म्हणतात, हो, पण कशासाठी? दोन्ही बाजू देणाऱ्याबद्दलच बोलत असतात. त्याचे मन मोठे होते की त्याचा हेतू खोटा होता, एवढाच वाद. घेणारा या वादात नुसता पुरावा म्हणून उभा राहतो. माझे म्हणणे असे आहे की मंडळीची करुणा जोखायची असेल तर किती वाटले आणि कोणत्या हेतूने वाटले हे प्रश्न दुय्यम आहेत. जो घेतो त्याला वाटपाच्या बैठकीत जागा आहे का, हा पहिला प्रश्न. आणि या कसोटीवर आपल्या बहुतेक मंडळ्या, माझी धरून, नापास होतील.

ही कसोटी मी बाहेरून आणलेली नाही. ती पहिल्याच मंडळीने आपल्याला घालून दिली आहे. यरुशलेममधल्या त्या मंडळीचे वर्णन उपदेशांतून हमखास ऐकायला मिळते: सगळे एकत्र राहत, कुणी काही आपले म्हणत नसे, जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, पायाशी ठेवीत. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायावर दानार्पणाच्या रविवारी संदेश होतातच. सहाव्या अध्यायावर मात्र क्वचित. कारण तिथे भांडण आहे. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध केली. म्हणजे मंडळीतला पहिला अंतर्गत तंटा पेटला तो धर्मसिद्धान्तावरून नव्हे, वाटपात होणाऱ्या पक्षपातावरून. भाषेवरून आपला-परका ठरत होता आणि ताटात त्याचा हिशेब दिसत होता.

त्यावर बारा प्रेषितांनी काय केले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी कुरकुर करणाऱ्यांना कृतघ्न म्हटले नाही. ‘फुकटचे मिळते तर गुपचूप घ्या’ असेही सुनावले नाही. सगळ्यांना बोलावले आणि तुम्हीच सात जण निवडा, हे काम त्यांच्याकडे देतो, असे सांगितले. निवडलेल्यांची नावे दिली आहेत: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक. नुसत्या नावावरून माणसाचा गट ठरवणे धोक्याचे, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. त्या काळी पॅलेस्टाईनमधले यहुदीही ग्रीक नावे ठेवत. तरी सातपैकी सात हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती कोठार दिले गेले, असाच याचा सरळ अर्थ लागतो. एक उणीव मात्र राहिलीच. तक्रार विधवांची होती, आणि निवडले गेले सातही पुरुष.

हे प्रकरण तिथेच मिटले नाही. काही वर्षांनी प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला खरमरीत पत्र लिहिले. तिथे प्रभुभोजनाला येताना सुखवस्तू लोक आपापले जेवण आणत, आधीच खाऊन घेत, काही जण तर पिऊन तर्र होत. गोदीत राबणारा, गुलामगिरीत असलेला माणूस काम उरकून उशिरा येई तेव्हा त्याच्यासाठी काही उरलेले नसे. असे करून ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, हा पौलाचा राग आहे. याकोबाच्या पत्रातही तेच: सोन्याची अंगठी घातलेला आला की पुढची खुर्ची, मळक्या कपड्यातला आला की ‘तिकडे उभा राहा’. आरंभीच्या मंडळ्या आदर्श होत्या असे जे आपण म्हणतो ते अर्धेच खरे. त्या आपल्यासारख्याच होत्या, फक्त त्यांच्या चुका शास्त्रात लिहून ठेवल्या गेल्या आणि आपल्या चुका इतिवृत्तातही येत नाहीत. तरीही त्यांच्यात काहीतरी होते हे शत्रूनेही मान्य केले. रोमचा सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक, इ. स. ३६२ च्या सुमारास त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्राग्याने म्हटले आहे, की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात.

आता आपल्या मुलखात येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईला उतरले. १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे ठाणे झाले. पुढे नगर, जालना, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा वेगवेगळ्या मिशनांचा विस्तार झाला. नगरच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि तिच्यापासून प्रेरणा घेतली, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. मिरजेला विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उघडले आणि कर्नाटकापर्यंतचे रुग्ण बैलगाड्यांनी तिथे येऊ लागले. ज्या महार-मांगांच्या पोराला गावच्या शाळेच्या ओट्यावर चढू देत नसत, त्याला मिशनच्या बोर्डिंगात गादी, पाटी आणि ताट मिळाले. माझ्या पिढीतल्या कितीतरी नगरी ख्रिस्ती घरांतला पहिला शिक्षक, पहिली नर्स, पहिला कंपाउंडर तिथूनच निघाला. हे सगळे आज कुणी ‘धर्मांतराचा धंदा’ या एका शब्दात उडवून लावतो तेव्हा त्याने त्या काळची पर्यायी व्यवस्था कोणती होती तेही सांगावे. ओट्याबाहेरची जागा हीच ती व्यवस्था.

पण त्या मिशन कंपाउंडातला कारभार कसा होता? नोकरी साहेबाच्या हाती, घर साहेबाच्या हाती, पोराची शिष्यवृत्ती आणि पोरीचे लग्नसुद्धा बरेचदा त्याच्याच सल्ल्याने. खर्चाचे आकडे अमेरिकेत, मिशनच्या बोस्टनच्या मुख्य कचेरीत मंजूर व्हायचे. एतद्देशीय पाळक हा मंडळीचा पुढारी कमी आणि मिशनचा पगारदार जास्त. यातून माणसे शिकली, जगली, वर आली. पण मागायची सवयही लागली आणि ‘मिशन देईल’ हे वाक्य तीन पिढ्या टिकले. आजही जुन्या मंडळीत गळक्या छपराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, परदेशातून काही येते का बघा.

हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना फार लवकर कळले होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीतच होता आणि मिशनऱ्यांशी त्यांचे संबंध चांगले होते. तरी १९१७ साली त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा एक मराठी मेळा, जो कुणाच्या तनख्यावर चालणार नाही, अशी ती कल्पना. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार रुजण्याआधीच ओसरला. त्यांच्या भजनांवर आपण शंभर वर्षे टाळ वाजवतो आहोत. त्यांनी पगार का सोडला हे मात्र कुणी विचारत नाही.

पंडिता रमाबाईंकडे मात्र थांबावे लागेल, कारण या सगळ्या गुंत्याचे सर्वांत बोलके उदाहरण त्या आहेत. रमाबाईंना आपण विद्वान म्हणून ओळखतो, समाजसुधारक म्हणून ओळखतो. त्या दुष्काळग्रस्त होत्या हे विसरतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे कुटुंब दक्षिणेत तीर्थोतीर्थी उपाशी भटकत होते. आई, वडील आणि मोठी बहीण त्या भटकंतीत गेली. उरले ते रमाबाई आणि भाऊ. झाडपाला खाऊन दिवस काढलेली ही बाई वीस-बावीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतात गेली आणि रस्त्यावर पडलेल्या मुली-बायका गोळा करून पुण्याला घेऊन आली. प्लेगच्या दिवसांत इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या माळावर तात्पुरते निवारे उभे राहिले. तेच पुढे मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांना पोसायला त्या काळी परदेशी देणग्या लागल्याच. पण मुक्तीत कुणी नुसते बसून खाल्ले नाही. शेत, विहिरी, गुरे, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, स्वयंपाक, धुणे, दवाखाना, सगळे तिथल्या बायकांच्या हाती. छापखानाही त्यांचाच. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, त्याचे खिळे जुळवणाऱ्या आणि फर्मे छापणाऱ्या मुलींत दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले. कालपर्यंत जिला गावाने टाकले होते ती आज पुढच्या आलेल्या दहा जणींची देखरेख करी. मी वर जी कसोटी सांगितली तिच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी उदाहरण हेच.

जवळ जाणारे म्हटले, पुरी उतरणारे नव्हे. मुक्तीचा अखेरचा शब्द बाईंचाच असे. शिस्त कडक होती, दिनक्रम घंटेवर होता, आणि तिथल्या रहिवासी बायकांची निवडून दिलेली समिती कारभार बघते आहे असे काही तिथे नव्हते. मुक्तीच्या आधीच्या त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या आश्रमशाळेच्या काळात, १८९३ साली, मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून पुण्यात जे वादळ उठले आणि पालकांनी मुली काढून नेल्या, त्यातली बरीच टीका आकसाची होती, सगळीच नव्हती. ज्याच्या घरी आपण राहतो, जेवतो, त्याच्या प्रार्थनेत बसायचे नाही असे म्हणणे तेरा वर्षांच्या पोरीला किती शक्य असते? हा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. गंमत अशी, की स्वतः रमाबाईंनी हाच प्रश्न इंग्लंडमध्ये आपल्या उपकारकर्त्यांना विचारला होता. वाँटेजच्या मठातल्या ज्या भगिनींनी (नन्सनी) त्यांना आसरा दिला, ज्यांच्याकडे १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्याशी त्या पत्रांतून वर्षानुवर्षे भांडल्या. तुमचे उपकार मानते, पण माझी सदसद्विवेकबुद्धी तुमच्या स्वाधीन करणार नाही, असा त्या भांडणाचा आशय. घेणाऱ्याने ताठ मानेने कसे घ्यावे याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट रमाबाईंनी केली जी आपल्या सेवा समित्यांना जड जाते. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात आणि छावणीत बायकांचे जे हाल होत होते, त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. त्यांच्याकडचीच एक मुलगी त्या गोंधळात हरवली होती. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले, गव्हर्नरने त्यांना खोटे पाडायचा प्रयत्न केला. सरकारही ख्रिस्ती, देणगीदारही बहुतेक त्याच देशांतले. तरी बाई गप्प बसल्या नाहीत. चादर वाटणारा कधी तलाठ्याविरुद्ध अर्ज करत नाही, कारण फलकाच्या कार्यक्रमाला नगरसेवक बोलवायचा असतो.

याच जागी वसईचे नाव घ्यावे लागते. वसईच्या कॅथलिक समाजाची घडण नगरपेक्षा पार वेगळी: पोर्तुगीज काळापासूनचा धर्म, बागायती, स्वतःच्या जमिनी, गावागावात धर्मग्राम (पॅरिश). तिथे मायबाप मिशन नव्हते, पण सावकार होता. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने तिथे सहकारी पतसंस्था निघाली, तीच पुढे बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सहकाराचे तत्त्व माहीतच आहे: एक सभासद, एक मत. कर्ज घेणारा आणि ठेव ठेवणारा एकाच वहीत, एकाच सभेत. धर्मगुरूने गरीब बागाईतदाराला धान्याची पिशवी दिली असती तर तो वर्षभर कृतज्ञ राहिला असता. त्याला सभासद केल्यामुळे तो वार्षिक सभेत उठून अध्यक्षांना प्रश्न विचारू लागला. माझ्या मते ही शंभर वर्षांपूर्वीची वही कुठल्याही अन्नछत्रापेक्षा शास्त्राच्या जास्त जवळ आहे, जरी तिच्यात एकही वचन लिहिलेले नसले तरी.

पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकरवाल्यांनी वसईच्या विहिरी उपसायला सुरुवात केली, गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या, बिल्डरांच्या पाठीशी दहशत आणि राजकारण उभे राहिले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले. तेव्हा ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हा लढा ख्रिस्त्यांचा नव्हता, वसईकरांचा होता. त्यात हिंदू, मुसलमान, समाजवादी, शेतकरी, शिक्षक सगळे होते. पण सभा आणि मोर्चे उभे राहिले ते चर्चच्या आवारांच्या आणि गावोगावच्या संघटनाच्या आधारावर. पाद्रीबाबांनी मिस्सा सांगावा, पाण्याच्या भानगडीत पडू नये, असे म्हणणारे समाजातही होते. २०२० साली दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्यावर टीका करणाऱ्यांना त्यांचा धर्म आठवला, हे पाणी कुणाच्या आठवणीत नव्हते. २०२४ च्या जुलैत ते गेले. कोरड्या विहिरीवर पाण्याच्या बाटल्या वाटणे ही सेवा, आणि विहीर कोण उपसतो हे विचारणे हे राजकारण, अशी विभागणी त्यांनी मानली नाही.

वसईचेही सगळे गोड मानायचे कारण नाही. बागायती विकून आलेला पैसा, त्यातून आलेली थाटामाटाची लग्ने, आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेला डोंगराकडेचा आदिवासी, ज्याच्याशी चर्चचा संबंध बहुतांशी शाळा-वसतिगृहापुरता. तिथे पुन्हा देणारा-घेणारा तोच जुना.

आता जातीविषयी. मंडळीच्या उंबऱ्याच्या आत जात नसते, असे आपण शाळेतल्या निबंधासारखे म्हणतो. लग्न ठरवताना ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न कुठल्या मंडळीत विचारला जात नाही? गोव्यात चर्चच्या कॉन्फ्रारियांवरून, म्हणजे सण साजरा करायचा मान कुणाचा यावरून, जातींचे वाद झाले आहेत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला कबरस्तानातच जातीची भिंत आहे. महाराष्ट्रात भिंत बांधायची गरज पडली नाही, कारण मंडळ्याच बहुधा एकेका जातीच्या झाल्या. आणि सरकारचा न्याय असा, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो दिला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर. २०२२ साली त्यावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. हा सर्वस्वी मंडळीच्या करुणेचा विषय आहे, कारण सवलत गेली की पोराची फी मंडळीच्या दारात येते. पण या मागणीसाठी किती मंडळ्यांनी मोर्चात माणसे पाठवली? फी भरायला मदत करू, हक्क मागायला नको. त्यात आपली मूळ जात कागदावर येते.

बाहेरच्या संशयाबद्दलही बोलले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्याआधी आणि त्यानंतर अनेक राज्यांनी धर्मांतरविरोधी कायदे केले. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षणसुद्धा येते. अट घालून केलेली मदत हा सौदा असतो आणि सौद्याला सेवा म्हणू नये, इथपर्यंत मी कायद्याच्या बाजूचा आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थनेला येशील ना, असे विचारणाऱ्या उत्साही भावांना मी पाहिले आहे. त्यांची लाज वाटते. पण जो कायदा मोफत शाळेलाच संशयित ठरवतो तो गरिबाला काय समजतो? त्याला स्वतःचे डोके नाही, एका पिशवीत तो देव बदलतो, असेच ना? मिशनच्या साहेबाने गरिबाला लेकरू समजले आणि हा कायदाही त्याला लेकरूच समजतो. दोघांनीही त्याला बैठकीबाहेर ठेवले आहे. आपल्या सेवा समितीत तो हिशेब विचारत बसलेला असेल, बाप्तिस्मा न झालेला शेजारीसुद्धा तिथे असेल, तर प्रलोभनाच्या आरोपाला इतके चांगले उत्तर दुसरे कुठले?

याला विरोध होतो तो मी ऐकला आहे. पहिला आक्षेप, घेणारे आपसात भांडतील. भांडतीलच, सहाव्या अध्यायात भांडणच आहे आणि त्यातूनच व्यवस्था निघाली. दुसरा आक्षेप, त्यांना हिशेब कळत नाही. पंधराशे रुपयांत महिना काढणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही असे म्हणणाऱ्याने तो एकदा काढून बघावा. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही: समितीत बसवले की आपण मदत घेतो हे चारचौघांत जाहीर होते. नवऱ्याची नोकरी गेलेले, दवाखान्याच्या बिलाने खचलेले अब्रूदार घर यायचेच नाही. औषधपाणी आणि फी यांची मदत गुपचूप व्हावी, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, हे प्रभूचेच सांगणे आहे. तिथे पाळक आणि एखादा विश्वासू वडील एवढेच पुरे. पण धान्य, कपडे, सणाचे जेवण, तरुणांचे वर्ग, म्हाताऱ्यांच्या भेटी, या उघड चालणाऱ्या कामांत लाजेचे निमित्त पुढे करता येत नाही. तिथे आजही घेणाऱ्यांची लाज कुणी राखत नाहीच, फोटो तर निघतातच.

शिवाय घेणारा कोण हेही आता बदलले आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत सर्वांत एकटी माणसे दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आहेत. मुले कॅनडा-ऑस्ट्रेलियाला, पेन्शन ठीक, फ्रिज भरलेला, आणि दुपारभर बोलायला कुणी नाही. त्यांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई अनेकदा त्याच मंडळीत मागच्या बाकावर बसते. कुणाची गोळी चुकते, कोण जेवत नाही, हे पाळकाच्या आधी तिला कळते. भेटींची यादी करायला बसताना तिला कुणी बोलावले आहे का? बायका मंडळीत स्वयंपाकाच्या चुलीपाशी बहुसंख्य आणि पंचांच्या टेबलापाशी अल्पसंख्य, हे तर विचारूच नका.

मला मोठी योजना सुचवायची नाही. सेवा समितीच्या निम्म्या जागा ज्यांनी मागच्या दोन-तीन वर्षांत उघडपणे मदत घेतली त्यांना द्याव्या. कापणीच्या सणाच्या लिलावातून आलेला पैसा कुठे गेला हे उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचावे. वाटपाचे फोटो बंद. आणि चादरींवर खर्च होणाऱ्या रविवारांपैकी काही रविवारांची भरपाई एखाद्या कामाच्या दिवशी करावी: संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, बँकेत आधार जोडणे, या फेऱ्यांना तरुण संघातला एकेक जण म्हाताऱ्यांबरोबर जाईल. पाचशेच्या चादरीपेक्षा महिन्याचे पंधराशे मोठे, हे गणित म्हातारीला आपल्याआधी येते.

आमच्याकडे वार्षिक सभेत ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. सूचक म्हणून सही करायला मी तयार आहे. अनुमोदक मात्र मदत घेणाऱ्यांच्या यादीतलाच हवा, आणि ती यादी सध्या पंचांच्या कपाटात कुलूपबंद आहे.